तिसरा कप

आयफेलच्या डोंगरातून, ऑक्टोबर १९४६

माझी लाडकी आई,

मी बरी आहे आणि पोटभर जेवते, हे आधीच सांगून टाकते. तुझा खोकला कसा आहे?

तू माझ्या सासूबाईंना कडक म्हणतेस, पण बाई काय आहे म्हणून सांगू! बाजारात कॉफी नाही, तर आम्ही बांधावरच्या रानचिकोरीची मुळं खणून आणली. त्यांनी ती चिरून, वाळवून कढईत भाजायला घेतली. मी घाईने कढई उतरवायला गेले, तर म्हणाल्या, "थांब गं, अजून हिरवा वास येतोय. गवत प्यायला आपण गाई आहोत का?" शेवटी दळून उकळली, तेव्हा काय घमघमाट सुटला!

रविवारी चार वाजता पांढरी चादर टेबलावर आली, ठेवणीतले कप निघाले. तू पाठवलेले खऱ्या कॉफीचे दाणे मात्र माझा कोनराड युद्धकैदेतून सुटून येईपर्यंत डब्यातच राहणार. त्याचं पत्र अजून नाही. तरी सासूबाईंनी त्याचाही कप भरला.

"त्याला ही कॉफी अजिबात आवडत नाही हो," मी म्हटलं.

"माहीत आहे मला. निदान नावं ठेवायला तरी येईल!"

मग मी मुद्दामच त्याच्या कपात साखर घातली नाही.

तुला घट्ट मिठी मारून,
तुझीच हेडविग