भूर्जाचा खण

पाली, ४ मे २०२४

चि. हिरामण यास सगुणाताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू रंध्याच्या आवाजात नुसता हो-हो करतोस, म्हणून कागद. नलूने कळवलं की सुतारकामाचा कारखाना बंद करून तू न्हावा शेव्याच्या गोदामात राखणदार होणार. किहीमच्या खाऱ्या हवेत तुझी कपाटं फुगतात, खण अडकतात, गिऱ्हाइकं सामान परत आणून टाकतात, सगळं मान्य. पण बायको म्हणून नलूला जे सुचलं नाही ते बहीण म्हणून विचारते: बाबांचा रंधा धरलेल्या हातात शिट्टी? असो. मी निवृत्त झाले, गुडघे माझ्याही आधी. लिहायला एक टेबल करून दे, मग खुशाल फाटक सांभाळ.

सगुणाताई


किहीम, २६ मे

ती. ताईस हिरामणचा शि. सा. न. वि. वि.

टेबल टेम्पोने धाडलं आहे. लाकूड परदेशी, बर्च. मूळचं पांढरंफटक, पण बंद भट्टीत वाफेवर असं तापवतात की आरपार तपकिरी होतं. रंग लावायला नको. दमट हवेतही फारसं फुगत नाही म्हणतात. कापताना गूळ करपल्यासारखा वास सुटला. मशीन थांबवून मी नुसता बसून राहिलो.

बाबांसारखाच नारळ फोडून पहिला खिळा हातोडीने मारला आणि फळी उभी चिरली! तापून ठिसूळ झालेलं लाकूड. आधी ड्रिल मारून मग स्क्रू लावायचा असतो. दुसरी फळी घेतली.

नलूला म्हटलं, ताय खोटं बोलायची न्हाय. श्रावण सरल्यावर टेबलाचा खण सहज उघडला तर कारखाना ठेवतो. अडकला तर गोदामवाल्याला होकार. माझी भीड धरू नकोस.

तुझा हिरामण


पाली, ५ सप्टेंबर

चि. हिरामण यास टेबलाशी बसून आशीर्वाद.

बर्च म्हणजे आपला भूर्ज. तुला ठाऊक नसणार. संस्कृतच्या तासाला तू आंब्यावर असायचास. हिमालयात ज्याच्या सालीवर पोथ्या लिहीत, त्याचंच हे लांबचं भावंड. जन्मभर शाळेत सालीचं कौतुक शिकवलं, आता लाकडावर हात टेकून लिहिते आहे. दुपारी पाऊस धरला की उगीच खण उघडते. तो गोड करपट वास येतो आणि वाटतं, बर्फात उभं राहून गारठलेलं झाड एकदाच मनसोक्त शेकलं, ती ऊब त्याला अजून पुरते आहे. कौलांवर पाऊस वाजत असतो, मी कुठल्याशा पांढऱ्या रानात. चहा रोज निवतो.

आता निकाल. श्रावणात देव्हाऱ्याची दारं अशी फुगली की देव दोन दिवस आत कोंडले. मी बाहेरूनच स्तोत्रं म्हटली. खण मात्र एका बोटाने सरकतो. साक्ष पक्की असावी म्हणून आज तो पुरता बाहेर काढला. तळाला तीच फळी! खिळ्याचं भोक, उभी चीर, वर आडवी पट्टी मारलेली. दुसरी घेतलीस म्हणे. बाबांच्या रीतीने खिळा मारलेली फळी तुझ्याने टाकवली नाही, लबाडा. चीर तसूभरही वाढलेली नाही.

गोदामवाल्याला नाही कळव. आणि माप घ्यायला ये. देव्हारा याच लाकडाचा हवा. येताना ड्रिल विसरू नकोस. नारळ मी आणून ठेवते.

लोभ आहेच, तो फुगून अडकू नये, इतकंच.

तुझी ताई