ठकीला तो गेम द्यावा का

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर फोनवरही देता आलं असतं, पण फोनवर आपण दोघी तब्येत आणि हवा यांच्या पलीकडे जात नाही, म्हणून लिहायलाच बसले. ठकीने वाढदिवसाला तुझ्याकडे गाड्यांच्या शर्यतीचा तो गेम मागितलाय. तो मुलांना देण्यासारखा आहे का, असं तू विचारलंस, आणि मी नको म्हटलं तर रंगांची पेटी पाठवेन असंही लिहिलंस. एवढंसं विचारायला तू चक्क पत्र लिहिलंस, तेव्हाच माझ्या लक्षात आलं की विचारायचं एवढंच नव्हतं. पण आधी गेमचं सांगते, कारण मी त्याची नीट चौकशी केली आहे.

आमच्या वरच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाई राहतात. त्यांची मुलगी आणि ठकी एका वर्गात. तो गेम त्यांच्याकडे आहे आणि ठकीला त्याची चटक तिथेच लागली. डब्यावर बारा वर्षांच्या पुढच्यांसाठी असं छापलंय, आपली अकराची, म्हणजे फार काही बिघडत नाही असं मी धरलं होतं. तरी चष्म्याच्या दुकानातून येताना वाटेत गेम विकणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "ताई, हल्ली पाच वर्षांची पोरंही खेळतात." याचा मला काय उपयोग. डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, खेळताना दोन्ही हात गुंतलेले असतात, त्यामुळे चॉकलेट तोंडात जात नाही, एवढं त्या छातीठोकपणे सांगू शकतात. मग म्हटलं, आपणच बघावं.

तर एका रविवारी दुपारी मी वर जाऊन बसले आणि दोघी मुलींनी मला शिकवायला घेतलं. दिवसभर मी चष्म्याच्या काचा फ्रेममध्ये बसवते, केसाएवढा फरक हाताला कळतो, त्यामुळे मला वाटलं हे काय अवघड. पहिल्या दोन मिनिटांत मी एक फळांची गाडी उडवली, एका कपड्यांच्या दुकानात काचेतून शिरले आणि उलट्या दिशेने निघाले. ठकी म्हणाली, "आई, रस्ता एवढा मोकळा आहे, तू फुटपाथवरून का चालवतेस?" डॉक्टरीणबाई हसून हसून सोफ्यावर आडव्या झाल्या. किती दिवसांनी ठकीलाही मी असं पोट धरून हसताना पाहिलं.

आता जे पाहिलं ते तुला सांगते. रक्त वगैरे काही दिसत नाही. माणसं आडवी येतात, पण गाडी जवळ आली की टुणकन बाजूला उडी मारतात, खऱ्या माणसांना ते जमलं असतं तर किती बरं झालं असतं. भरचौकात शर्यती लावतात, सिग्नल मोडला की गुण मिळतात, पोलीस मागे लागले की जास्त मिळतात. हे मला आवडलं नाही आणि मी तसं दोघींना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी सापशिडीत साप असल्याबद्दल तक्रार करतेय. अनोळखी माणसांशी बोलत खेळायचीही सोय आहे, त्यात कोण कुठला काय बोलेल सांगता येत नाही. ती बंद करता येते. डॉक्टरीणबाईंनी केली आहे, आपणही करू. आणि गाडी आपटली तर चेपते, काच तडकते, दोन सेकंद पडदा काळा होतो आणि मग तीच गाडी नवी कोरी होऊन रस्त्यावर उभी. मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे. नेमकं कशामुळे, ते तुला वेगळं सांगायला नको.

एवढं बघूनही मी तुला हो कळवणार होते. पण त्यानंतरच्या आठवड्यात एकदा डॉक्टरीणबाई जिन्यात भेटल्या आणि जरा चाचरत म्हणाल्या, "तुमची ठकी हल्ली शर्यत लावतच नाही. माझी मुलगी कंटाळून उठून जाते आणि ही एकाच वळणावर गाडी आपटत बसते." मी त्या दिवशी तिला जेवायला बोलवायला मुद्दाम स्वतः वर गेले आणि दारातच थांबले. तिने पावसाचा रस्ता लावला होता. पुढे वळण, वळणानंतर लहानसा पूल, पुलाला दगडी कठडा, आणि समोरून आपली बाजू सोडून येणारा ट्रक. ती गाडी सावकाश आणायची, ट्रक दिसला की कधी इकडे वळवायची, कधी तिकडे. गाडी आपटायची. पडदा काळा व्हायचा. ही शांतपणे पुन्हा वळणाच्या अलीकडे जायची. चेहऱ्यावर मजा नव्हती, गणित सोडवताना असतो तसा चेहरा होता.

तिला हाक मारली आणि खाली घेऊन आले. मनात ठरवून टाकलं होतं की भिंगरीला कळवायचं, हा खेळ या घरात येणार नाही, रंगांची पेटीच पाठव. तरी जेवणानंतर भांडी पुसता पुसता मी तिला विचारलं की तू ते काय करत होतीस. तिने लगेच सांगितलं, लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटतच नव्हतं. म्हणाली, "आत्याने दुसरं काही केलं असतं तर बाबा वाचले असते का, ते बघत होते." माझ्या हातातलं ताट मी खाली ठेवलं. ती पुढे म्हणाली, "बाबांच्या बाजूला वळवली की कठडा. दुसरीकडे वळवली की ट्रक. ब्रेक दाबला तर ट्रक समोरूनच येतो. सगळं करून बघितलं. आत्याला काही करण्यासारखं नव्हतंच." आणि मग, तितक्याच सरळ आवाजात, "हे मला तिला दाखवायचंय. पण ती येतच नाही. म्हणून गेम तिच्याकडेच मागितला. घेऊन आली की दाखवता येईल."

भिंगरी, गेली दोन वर्षं या पोरीने मला त्या अपघाताबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. मला वाटायचं, विसरली असेल, लहान आहे. तिने कुणाच्या तोंडून काय काय ऐकून मनात साठवलंय देव जाणे. कठडा दगडी होता हे मी तिला कधीही सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानातून परस्पर वर गेले आणि डॉक्टरीणबाईंना म्हटलं, मला जरा एकटीला खेळू द्या. त्या चहा ठेवून आत गेल्या. मी तोच रस्ता लावला. ठकीने केलं तेच करत राहिले. कठडा, ट्रक, कठडा. आणि मग कितव्या तरी खेपेला वळणाच्या जरा अलीकडेच ब्रेक दाबला, चाक किंचित वळवलं, आणि ट्रक शेजारून निघून गेला. गाडी पूल ओलांडून पलीकडे उभी राहिली. साधा ओरखडासुद्धा नाही. मी ते हातातलं यंत्र धरून बसून राहिले, चहा तसाच राहिला. खरं सांगते, त्या क्षणी मला तुझा इतका राग आला की तू समोर असतीस तर काय बोलले असते कोण जाणे. म्हणजे वाचता येत होतं. म्हणजे जमत होतं.

ठकीपासून ते लपवून ठेवावं असं वाटलं, पण मग विचार केला की आज ना उद्या तिलाही ते जमेल आणि तेव्हा ती एकटी असेल. म्हणून सांगितलं. म्हटलं, मी खेळले, आणि माझी गाडी एकदा वाचली. तिने मी काय काय केलं ते नीट विचारून घेतलं, आधी कुठे ब्रेक दाबला, किती वळवलं. मग वेणीचं टोक चावत म्हणाली, "पण तुला माहीत होतं ना ट्रक येणार आहे ते. आत्याला कुठे माहीत होतं?"

मी दोन वर्षं शिकत होते ते तिने अभ्यासाची वही उघडता उघडता सांगून टाकलं, आणि मग मला भागाकार विचारायला लागली.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं आहे की गेम द्यायला हरकत नाही. एका वेळी तासाभराच्या वर नाही, अनोळखी माणसांशी बोलणं बंद, आणि अधूनमधून मी शेजारी बसणार, चालवता आलं नाही तरी. पण हे सांगायला मी एवढं लांबलचक लिहिलं नाही. त्या पुलावर तू गाडी दादाच्या बाजूला का वळवलीस, हे मी तुला कधी विचारलं नाही. दवाखान्यात नाही, नंतर नाही. विचारलं नाही म्हणजे मी मोठ्या मनाची, असं सगळे म्हणायचे. तू मात्र ओळखलंस, आणि येणं बंद केलंस, आणि मी तुला एकदाही ये म्हटलं नाही. ते आज म्हणतेय. गेम पार्सलने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये, चार दिवसांची रजा काढून ये. ठकी तुला ते वळण दाखवायला बसेल. बघवणार नसेल तर तिला सरळ नको म्हण, मी समजावेन तिला, त्या गेममध्ये दुसरे रस्ते पुष्कळ आहेत. मला तुझ्याकडून काही ऐकायचं नाही, काही समजावून घ्यायचं नाही. तुझ्या दादाबद्दल बोलायला मला या घरात मोठं असं कुणी नाही, आणि तुझ्याकडेही नसणार. कुठल्या बसने येतेस ते कळव, मी घ्यायला येते.

वाट बघणारी, तुझीच,
वहिनी