पहिला कंट्रोलर

८ एप्रिल २०१६, गुढीपाडवा
संकल्प: 'दहावी ब' या आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तीन आठवडे पेटलेला वाद मी मिटवणार. जुन्या व्हिडिओ गेम्समधली सर्वांत भारी सिरीज कोणती आणि सर्वांत भंगार कोणती? ग्रुपवर मतं बारा जणांना आहेत, अभ्यास फक्त माझा आहे. निकाल १ मेला. तोवर रोज पहाटे फिरायलाही जाणार.

९ एप्रिल
फिरायला गेलो नाही. नळ आला होता. सहा दिवसांनी येतो, त्यामुळे बायकोला, चारुताला, त्याचं भारी कौतुक. ड्रम भरता भरता यादी पक्की केली. पहिला नंबर कॉन्ट्रा. यावर चर्चा नाही, कारण १९९३च्या उन्हाळ्यात मी ती शेवटपर्यंत संपवली होती. साक्षीदार: सुदर्शन. शेवटचा नंबर त्या मिशीवाल्या प्लंबरच्या सिरीजला. एवढे पाइप आणि एकातही थेंब नाही. त्याला आमच्या गारखेड्यात आणून सोडलं पाहिजे.

११ एप्रिल, दुपारी १
सुदर्शनने स्वतःची यादी टाकली. कॉन्ट्रा सर्वांत खाली! कारण विचारलं तर लिहितो, नाय आवडत, बस. हा मूळ करमाडचा. शाळेसाठी गारखेड्यात मामाकडे राहायचा आणि गेम खेळायला आमच्याकडे यायचा. पहिला कंट्रोलर माझा, दुसरा त्याचा. माझ्या हाताखाली तयार झालेला माणूस. आता जमीन कारखान्यांसाठी गेली, त्या पैशांतून पाण्याचे चार टँकर फिरायला लागले, म्हणून ह्याला मतं आली.
यादी मागं घेईपर्यंत त्याच्या टँकरचं पाणी घेणार नाही. सोसायटीत त्याचाच टँकर येतो, असं चारुता म्हणाली. तत्त्व ते तत्त्व.

१२ एप्रिल
आंघोळ नाही.

१३ एप्रिल
आंघोळ केली. बहिष्कार फक्त पिण्याच्या पाण्यापुरता आहे, हे परवा लिहायचं राहून गेलं. समोरच्या नव्या बारा मजली टॉवरवर 'चोवीस तास पाणी' असा बोर्ड लागलाय. बोर्डाखाली सुदर्शनचाच टँकर उभा होता.

१५ एप्रिल
ग्रुपवर जाहीर केलं: १ मेला सगळे माझ्या घरी. सर्वांसमोर कॉन्ट्रा संपवून दाखवणार. हरलो तर सुदर्शनची यादी हीच ग्रुपची यादी, आणि ९३ची गोष्ट पुन्हा तोंडातून काढणार नाही. सुदर्शनने फक्त अंगठा पाठवला. घाबरलाय.

१७ एप्रिल, रविवार
शहागंजच्या जुन्या बाजारातून गेमचं मशीन आणलं. कॅसेटवर '९९९९ इन १'. अगदी तीच! तीन फुंकरा मारल्यावर चालू झाली. सराव: पहिल्या लेव्हलच्या पुलावर मेलो. सात वेळा. कारण: व्होल्टेज.

१९ एप्रिल
पुलावरच. कारण: बटणाखालचं रबर.

२० एप्रिल
बेचाळीस डिग्री. या उन्हात कोणीही मरेल.

२१ एप्रिल
पूल ओलांडला! तेवढ्यात नळ आला म्हणून हाक. कारण: चारुता.

२४ एप्रिल
सई म्हणते, बाबा, यात नऊ हजार गेम नाहीचेत, तेच ते फिरून फिरून येतात. सदतीस नंबरला पण कॉन्ट्राच आहे, पण एकदम शेवटची लेव्हल, वर तीस लाइफ.
तिला समजावलं की आमच्या वेळी सदतीस हीच खरी कॉन्ट्रा होती. मी नेहमी सदतीसच लावायचो. एक नंबर नवशिक्यांसाठी. ती म्हणाली, म्हणजे तुम्ही शेवटूनच खेळायचात?
दहा वर्षांच्या मुलांशी वाद घालू नये. १ मेला सदतीस लावणार. इतिहास जसाच्या तसा दाखवला पाहिजे.

३० एप्रिल
प्यायचं पाणी संपलं. टँकरचं उकळून प्यायलो. उकळल्यावर पाणी टँकरचं राहत नाही.

१ मे, संध्याकाळी ७
नऊ जण आले. टँकर सकाळी अकरापर्यंत आला नाही. चारुताने स्वयंपाकघरातून विचारलं की पाहुण्यांना काय तत्त्व प्यायला देऊ. तेवढ्यात सुदर्शन स्वतः टँकर चालवत आला. टाकी भरली, हात धुतले आणि माझ्या डावीकडे बसून दुसरा कंट्रोलर उचलला. कोणी सांगितलंही नव्हतं.
मी सदतीसवर गेलो. तो हळूच म्हणाला, एक नंबर लाव की रे विशू. मी इतिहासाबद्दल बोलायला लागलो. तो म्हणाला, सदतीस लई बघितली. तवाबी ठाव व्हतं मला. बोललो असतो तर मशीन बंद करून मला घरी धाडलं असतंस, अन् मामाकडं कुठं टीव्ही व्हता? शेवट रोज बघितला, सुरुवात एकदाबी नाय. तिसऱ्या लेव्हलला धबधबा हाये म्हणं. त्यो बघायचा व्हता मला.
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मला फार लाज वाटली. (हे वाक्य उद्या खोडणे.)
एक नंबर लावला. मी पुलावर मेलो. मग पुलापलीकडे दोनदा. सुदर्शन एकटाच पुढं गेला. आणि धबधबा आला. पडदाभर पाणी, वरून खाली कोसळणारं. नऊ बाप्ये पोरांसारखे ओरडले, चारुता पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. सुदर्शन नुसता बघत बसला आणि त्या नादात मेला. म्हणाला, पाणी झकास दाखवलंय.

२ मे
सुदर्शनने रात्रीतून यादी बदलली. कॉन्ट्रा आता पहिली. म्हणजे तसं पाहिलं तर मीच जिंकलो.
काल निघण्याआधी आणखी एक डाव झाला. मी मोठ्या मनाने पहिला कंट्रोलर त्याच्या हातात दिला आणि दुसरा घेतला. गेम सुरू करायला स्टार्टचं बटण शोधलं, सापडेना. उलटा केला, चष्मा लावून पाहिला. सुदर्शन म्हणाला, त्याला स्टार्ट नसतंय विशू, पयल्यापासून नाय. पयल्यावाल्यानं दाबायचं, मंग आपलं सुरू.
मला हे माहीतच नव्हतं.