लाखोरीच्या दाण्यांचा आवाज

बाबा, तुमचे कान मी होती. हे घरातल्या तिघायलेच माहीत होतं. राइस मिलच्या इंजिनाजवळ चौदा वर्षं उभं राहून तुमाले बारीक आवाज ऐकू येणं बंद झालं होतं, अन् पवनीत लोक तर तुमाले आवाजावरून रोग सांगणारा मिस्त्री म्हणत. उभ्या गाडीचं तुमी निभावून नेत. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाले टेकवायचं, त्याची मूठ दातात धरायची, डोळे मिटायचे. दातातून सारं कळे. चालत्या गाडीत ते जमत नव्हतं. म्हणून कॉलेजातून आली की मी तुमच्या जीपमध्ये, बाजूच्या सीटवर.

मँगनीजच्या खाणीतल्या भंगार डंपरचा टर्बो तुमी गोणपाटात बांधून आणला, तो दिवस डोळ्यापुढं आहे. गोगलगाईच्या शंखासारखं लोखंड, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवलेलं. आई भात उकरता उकरता म्हणते, “हे कोणाचं काळीज आणलं आता?”

“फुकाचा जोर आहे वो. धुरानं पंखा फिरते, पंखा इंजिनात हवा कोंबते.”

“तुमाले कमी आहे काय जोर? आठ दिवस झाले, नळ दुरुस्त होऊन नाही राहिला.”

तुमी हसले. मी हसली नाही. मले तो शंख पाहून काहून कोण जाणे, बरं वाटलं नव्हतं.

तुमी तो जीपले बसवला, पण जीपचं पेट्रोल इंजिन त्या शंखाच्या मानानं लहान. जास्त हवा कोंबली की पेट्रोल ठिणगीची वाट पाहत नाही, भलत्याच वेळी, भलत्याच जागी पेटते, अन् पिस्टनवर हातोडी पडते. ही हातोडी ऐकू मात्र बारीक येते. पत्र्याच्या डब्यात लाखोरी डाळीचे वाळले दाणे हलवावे, तशी. ती पडू नये म्हणून तुमी इंजिनाच्या हेडखाली दोन तांब्याचे गॅसकेट टाकले, ठिणगीचं टायमिंग मागं घेतलं, सलाईनच्या बाटलीतून कार्बोरेटरच्या तोंडात पाण्याची थेंबथेंब धार सोडली. जास्तीची हवा सोडाले एक झडप बनवली, तिच्यात सायकलच्या सीटची स्प्रिंग. डॅशबोर्डवर दाबाचं घड्याळ. काटा सहाच्या वर नको. दाणे वाजले की मी तुमच्या खांद्यावर हात ठेवायचा, तुमी पाय उचलायचा. एवढंच.

एकदा खराब रस्त्यावर मी तीनदा हात ठेवला. तिन्ही वेळा सीटखालचे लोखंडी पाने वाजत होते. तुमी गाडी बाजूले घेतली. “भेवाचा आवाज येगळा अन् इंजिनाचा येगळा असते पोरी. आधी ठरव, मंग हात ठेव.” त्यानंतर माझा हात कधी चुकला नाही.

मग तो मे महिना. एम.ए.च्या मुलाखतीसाठी मले नागपूरले जायचं आहे, तुमी मले वरठीच्या टेशनावर सोडून राहिले. पवनीतून निघतानाच बस आपल्याले मागं टाकते. कंडक्टर दारात लटकून ओरडते, “मिस्त्री, दोरी बांधू काय? ओढत नेतो!” तुमाले शब्द ऐकू नाही गेले, त्याचे दात दिसले. “काय म्हणे तो?” मी सांगितलं. जसंच्या तसं सांगितलं. तुमी उतरले, बॉनेट उघडलं, झडपेचा नट दोन आटे कसला, म्हणजे जास्तीची हवा लवकर सुटणार नाही. सकाळचे नऊ, अन् हवा आताच भट्टीसारखी.

अड्याळच्या अलीकडं आपण बस गाठली. काटा नऊवर. अन् दाणे वाजाले लागले. आधी दोन-चार, मग मूठभर, मग सारा डबा. माझे हात मांडीवर. तुमी रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, “आवाज येते काय?” मी मान हलवली. नाही. तुमी पाय आणखी दाबला.

पहेला गावापाशी एकच दणका, निळा धूर. पिस्टनले भोक पडलं होतं. गरम ऑइल लाल झालेल्या टर्बोवर उडून राहिलं होतं. मी “बाबा, थांबा” ओरडली, पण तुमाले मागून ओरडलेलं कधी ऐकू आलं? तुमी बॉनेट उचललं, अन् भडका तुमच्या अंगावर आला.

अकरा दिवस भंडाऱ्याच्या दवाखान्यात, बाराव्या दिवशी तुमी गेले. सातव्या दिवशी तुमी आईले म्हणाले, “पोरीनं नाही म्हटलं, म्हणजे नसंनच. माहाच हिसाब चुकला.” मी पलंगाच्या पायाशी उभी होती. आईनं माझ्याकडं पाहिलं. आजही, नऊ वर्षांनी, ती विचारते, “तुले खरंच काही ऐकू नव्हतं आलं काय वो?” मी नाही म्हणते, अन् मग ती तुमच्यावर चिडते. म्हणते, हट्टी माणूस, कोणाचं ऐकलं नाही.

हे पत्र पाठवाले पत्ता एकच आहे, आईचा. तिले पाठवणार नाही. मुलाखत चुकेल म्हणून गप्प बसली, असं मी इतकी वर्षं स्वतःले सांगत आली. पण ट्रेनले दीड तास होता, बाबा. बस मागं पडून राहिली होती, कंडक्टरचं तोंड लहान होत चाललं होतं, अन् मले मजा येऊन राहिली होती. आणखी थोडी पाहिजे होती.