चार नंबरच्या टाकीला मामांची दृष्ट

प्रिय पोलिख्रोनिसमामा,

तुमच्या दोन्ही गालांचे मुके (कागदावरून पोहोचतील तेवढे) आणि मिनासचा मनापासून नमस्कार. गुडघा काय म्हणतो? साखर आटोक्यात आहे ना? आणि तो पिवळा कॅनरी गायला लागला, की अजून रुसूनच बसलाय? इकडे खिऑस बेटावर आम्ही सगळे मजेत आहोत. माझ्या बायकोला, मार्केलाला, जरा थकवा आहे, पण काळजीचं काही नाही. सासूबाई माझ्यापेक्षा ठणठणीत आहेत आणि तसं रोज ऐकवतातही. संत मिनासच्या दिवशी, माझ्या नामदिनाला, न कळवता पिरेअसहून बोटीने येऊन पेस्ट्रीचा खोका घेऊन दारात उभे राहिलात, त्याचा आनंद अजून मनात आहे. (पेस्ट्री त्याच दिवशी संपली. संशय सासूबाईंवर आहे.)

पत्राला उशीर झाला त्याची माफी असावी. तुम्ही गेल्यापासून इथे जे काही झालं त्यात पेन हातात धरायला सवड नव्हती. आता हे वाचून मनाला लावून घेऊ नका. मी तक्रार मुळीच करत नाहीये, फक्त तुमच्या कानावर असावं म्हणून लिहितोय.

तर झालं असं. आठवतं ना, जेवणानंतर तुम्ही हट्टच धरलात की आमची मासे उबवायची हॅचरी बघायचीच. मी तुम्हाला पांढरे बूट घातले, हात धुवायला लावले, डोक्यावर टोपी चढवली (ती तुम्हाला शोभत होती, हे मार्केलाचं मत) आणि पिल्लांच्या दालनात नेलं. चार नंबरच्या टाकीत नुकती अंड्यातून बाहेर आलेली त्सिपुरा माशाची पिल्लं होती. त्सिपुरा म्हणजे ताटातला तो भाजलेला धडधाकट मासा तुम्ही ओळखता. पण त्याचं बाळ म्हणजे पापणीचा एक केस आणि त्याला दोन डोळे, बाकी काही नाही. तुम्ही वाकलात, तुमचे ते निळेभोर डोळे मोठे केलेत आणि म्हणालात, "अरे देवा, काय गोड! नुसते डोळेच डोळे!" एवढ्यावर थांबला असतात तरी चाललं असतं. पण तुमच्या न्हाव्याला दाखवायला म्हणून तुम्ही कॅमेरा काढलात आणि फ्लॅश मारलात. एकदा नव्हे, कारण पहिल्या फोटोत तुमचा अंगठा आला होता.

मामा, ही जात भलती भित्री. सकाळी दिवा एकदम लावायचा नाही, उजाडल्यासारखा हळूहळू वाढवायचा. दार आपटायचं नाही. मला खोकला आला तर तो घेऊन मी अंगणात जातो. पिल्लं घाबरली की खात नाहीत, खाल्लं नाही की अशक्त होतात आणि अशक्त झाली की आणखी घाबरतात. (मार्केलाच्या मते हे माझ्या परीक्षेच्या दिवसांतलं वर्णन आहे.) त्यांचं खाणंही साधंसुधं नाही. धुळीच्या कणाएवढे जिवंत किडे आम्ही शेजारच्या खोलीत पाळतो, त्या किड्यांना आधी माशाचं तेल आणि जीवनसत्त्वं खाऊ घालतो आणि मग ते पिल्लांना वाढतो, म्हणजे पिल्लांनी किडा खाल्ला की डब्यासकट सगळं पोटात जातं. तुमच्या फ्लॅशनंतर चार नंबरने जेवणाला तोंड लावलं नाही. किडे मजेत पोहत होते आणि पिल्लं कोपऱ्यात गोळा होऊन बसली होती.

यात घाबरण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. आमचा मालक झानिस याची आधीची पिल्लं उन्हाळ्यात वीज गेली तेव्हा गेली होती. त्याने मला बजावून ठेवलं होतं, "मिनास, लेका, ही खेप गेली तर मी हे दालन बंद करतो आणि तयार पिल्लं ट्रकमधून मागवतो." म्हणजे मी अथेन्सला, मेहुण्याच्या लिफ्टदुरुस्तीच्या दुकानात. मला लिफ्टमध्ये उभं राहायलासुद्धा घाम फुटतो हे तुम्हाला माहीत आहे. आणि मार्केला या बेटावरची. तिला हे बेट सोडायला लावणं माझ्याच्याने होणार नव्हतं. मी दिवा मंद केला, पाण्यात हिरवं शेवाळ वाढवलं (त्याने त्यांना धीर येतो आणि किडेही नीट दिसतात) आणि वाट बघत बसलो.

सासूबाईंनी मात्र निदान तिथल्या तिथे केलं. निळे डोळे (त्यांचीच नजर जास्त लागते म्हणे), तोंडभर कौतुक आणि कौतुकानंतर साधं तीनदा थू थू थू नाही! दृष्ट लागली, दुसरं काय? मी हसलो. फ्लॅशने डोळे दिपतात, दिपल्याने शरीरावर ताण येतो, असं सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे जावईबापू, तुमचं विज्ञानही मामांचंच नाव घेतंय ना?" विज्ञान आणि आमच्या सासूबाई इसिदोरा एकाच माणसाकडे बोट दाखवताहेत, हे मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या माझं जेवण घेऊन आल्या. मी सूक्ष्मदर्शकात डोकं घालून बसलो होतो. आता दृष्ट कशी काढतात हे तुम्हाला मी काय सांगावं? पेलाभर पाणी, वर प्रार्थना आणि ऑलिव्ह तेलाचा थेंब. थेंब जागच्या जागी राहिला तर काही नाही, पसरला तर दृष्ट. पण आमच्या सासूबाई विचार करणाऱ्या. रोगी जर पाण्यातच आहे तर मध्ये पेला कशाला? त्यांनी प्रार्थना पुटपुटत तेल थेट टाकीत घातलं. स्वतःच्या झाडांचं, पहिल्या घाण्याचं. आणि रोगी इतके असताना थेंबाने काय होणार म्हणून हात सैल सोडला. तेल अर्थातच पसरलं. मी धावत आलो तर त्या विजयाने माझ्याकडे बघताहेत, "बघा! सांगत नव्हते मी?"

मामा, मी आधी त्यांच्या हातातली तेलाची बाटली काढून घेतली. कारण याच वयात प्रत्येक पिल्लाला एकदा वर येऊन हवेचा एक घोट गिळावा लागतो. त्या हवेने त्याच्या पोटातली पिशवी फुगते आणि तिच्या जोरावर ते जन्मभर सरळ पोहतं. पृष्ठभागावर तेलाचं झाकण बसलं तर बिचारं खालून डोकं आपटत राहतं. हवा गिळायचे तेवढे चार दिवस असतात, ते हुकले की पिल्लू कायमचं वाकडं. पाण्यावरचा तवंग कोपऱ्यात ढकलणारं यंत्र आमच्याकडे आहे, पण ते किड्यांच्या अंगच्या तेलापुरतं. कोशिंबिरीच्या तेलापुढे त्याने हात टेकले. मग मी सासूबाईंना जे बोललो ते जावयाने बोलू नये. त्या बूट काढून निघून गेल्या.

वाचवलं मार्केलाने. ती पळत जाऊन बंदरावरच्या तावेर्नातून, म्हणजे खानावळीतून, टेबलावर अंथरायचे कागद घेऊन आली. तेच, ज्यांवर ग्रीसचा नकाशा छापलेला असतो. एक टोक तिने धरलं, एक मी, आणि कागद पाण्यावरून अलगद ओढत नेला. तेल कागदाला चिकटून वर आलं. पहिल्या फेरीत क्रीट भिजलं, दुसऱ्या फेरीत अख्खं पेलोपोनीझ. मध्येच शेजारच्या खोलीतून माशाच्या तेलाचा वास आला की मार्केला तोंडावर हात धरून बाहेर पळायची आणि परत येऊन टोक धरायची. अशात दारात झानिस उभा. समोर त्याचा शिकलेला तज्ज्ञ आणि तज्ज्ञाची बायको टाकीवर टेबलक्लॉथ अंथरताहेत आणि दालनभर ऑलिव्ह तेलाचा घमघमाट. तो म्हणाला, "जेवायला कोण कोण यायचंय?"

मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता गेली नोकरी. पण झानिस पूर्वीचा जहाजाचा कप्तान, दृष्ट आणि शकुन मानणारा. त्याने टोपी काढून हळूच एवढंच विचारलं, "दृष्ट कोणाची?"

पुढचे दोन दिवस मी देवाचं नाव घेत काढले. तिसऱ्या दिवशी एक पिल्लू भिंगाखाली धरलं, तर पाठीच्या कण्याखाली हवेचा चमकता मणी! दुसरं धरलं, त्यातही मणी! मामा, लाज सोडून सांगतो, मी रडलो. बहुतेक सगळ्यांनी हवा गिळली होती आणि किड्यांवर तुटून पडली होती. मी लगेच सासूबाईंच्या दारी जाऊन कान धरले. त्यांनी मोठ्या मनाने माफ केलं आणि गुण आपल्या तेलाचाच, हे माझ्याकडून तीन शेजारणींसमोर वदवून घेतलं.

असो. पत्र लांबलं. गुडघ्याला जपा, कॅनरीला माझी आठवण सांगा.

तुमचा भाचा,
मिनास

ता. क. एक बारीकसं काम होतं. झानिस दालन चालू ठेवायला तयार आहे, पण नवी अंडी मागवायच्या आधी त्याची एक अट आहे. "कागद तुझा, तेल सासूचं, पण थुंकी ज्याची त्याचीच पाहिजे." थोडक्यात, तुम्ही येऊन चार नंबरवर तीनदा थुंकायचं आहे. टाकीत नव्हे! तुमच्या तोंडातले जंतू माझ्या पिल्लांना झेपणार नाहीत. तोंडाला मास्क, समोर रुमाल, उंबऱ्याच्या बाहेरून. कॅमेरा घरीच ठेवा.

ता. क. २. माझा या असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

ता. क. ३. मार्केलाला थकवा आहे असं वर लिहिलं. खरं सांगायचं तर तिला माशाचा वास सोसत नाही, काही खात नाही, दचकून उठते, अगदी चार नंबरसारखी. उन्हाळ्यात आमच्या घरी एक पिल्लू येणार आहे, मामा. अथेन्सला जायचं नव्हतं ते म्हणून. सासूबाईंना अजून बोललो नाही, त्या तेलाचा डबाच आणतील. तुम्हाला पहिल्यांदा सांगतोय, ते आनंदाने आणि थोडं भीतीनेही, कारण तुम्ही तिला बघाल, गोड म्हणाल आणि विसराल. तेव्हा बॅग खाली ठेवायच्या आधी, तिच्याकडे बघायच्याही आधी, दारातच तीनदा. इथे मास्कची गरज नाही. आणि बोटीतून उतरलात की आधी घरी या. टाकीचं नंतर बघू.