टाकीतले उंदीर आणि आमचा ऑर्विल

डुलुथ, रविवार, चर्चहून आल्यावर

चि. व्हर्ना हिस थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. कंबर कशी आहे? शेक घेतेस की नुसतीच कण्हतेस? सरोवरावरून बोचरा वारा सुटला आहे. मी ठीक आहे. नवरोबा ऑर्विलचे चालले आहे तसेच आहे, म्हणजे बरे नाही. (परवा गवत कापायला निघाला. अंगणात बर्फ होता.)

आता प्रयोगशाळेतली फजिती ऐक. आमच्या उंदरांना विसरण्याचा आजार जन्मतःच लावून देतात. (माणसांना तो आपोआप मिळतो.) मग त्यांना गढूळ पाण्याच्या गोल टाकीत सोडायचे. पाण्याखाली एक चौथरा लपवलेला असतो. निरोगी उंदीर भिंतीवरची चित्रे पाहून जागा लक्षात ठेवतो. आजारी बिचारा गोल गोल फिरत राहतो. यंदा नवे औषध घेतलेले आजारी उंदीर माझ्याकडे होते आणि औषधाविना ठेवलेले माझ्या जोडीदार मदतनिसाकडे, कर्टिसकडे. (माणसे कमी, म्हणून अशी वाटणी.) माझे उंदीर सरळ चौथऱ्यावर जाऊ लागले. आमचे डॉक्टर हाल्व्होर्सन नाचायचेच बाकी राहिले. माणसांवर चाचणी सुरू झाली की ऑर्विलचा विचार आधी करू, म्हणाले. मी कुणाजवळ बोलले नाही, पण घरी येऊन ऱ्हुबार्बच्या आंबट देठांची गोड पाई भाजली. (मी उगाच गोडधोड करत नाही, हे तू जाणतेस.)

मंगळवारी ऑर्विलला दवाखान्यात न्यायचे होते, म्हणून माझे उंदीर कर्टिसने पोहवले. बुधवारी तो दारातच म्हणाला, "आर्डिसबाई, तुमचं बिऱ्हाड बिघडलं हो! सगळे भोवऱ्यासारखे फिरतायत." मी माझ्या नेहमीच्या जागेवर उभी राहिले, तर पुन्हा सरळ चौथऱ्यावर! डॉक्टरांनी मला टाकीच्या पलीकडे उभे केले. सगळे उंदीर पलीकडे आले आणि टाकीची भिंत ओरबाडू लागले. मला बाहेर काढले, की फेऱ्या सुरू. कर्टिस कॉफी घेऊन खोलीभर हिंडतो. मी रोज चौथऱ्यामागे खांबासारखी उभी राहते. बिचारे मला पाहून पोहत होते. डॉक्टरांनी वही मिटली. "म्हणजे औषध नाही. तुम्हीच!" मी म्हटले, "माझ्या गोळ्या पाडता येणार नाहीत." माणसांवरची चाचणी बारगळली.

घरी आले तेव्हा ऑर्विलने कॉफी ओतली, दिवा लावला, सगळे बिनचूक. मी नेहमीसारखी चुलीपाशी उभी होते. मग मला नको ती शंका आली. मी तळघरात जाऊन बसले. वर त्याची पावले टेबलाभोवती फिरू लागली, पुन्हा, पुन्हा. "आर्डिस? अगं, दार कुठंय?" हे घर त्याने स्वतःच्या हातांनी बांधले आहे, व्हर्ना. मी वर गेले. तो म्हणाला, "होतीस कुठं, भवाने?" आणि सरळ दारातून न्हाणीघरात गेला. दवाखान्यात सांगितले होते की आजार सध्या थांबल्यासारखा आहे. थांबलेला नाही. मी उभी आहे, एवढेच.

बाकी क्षेम. मुलांना आशीर्वाद.

तुझी,
आर्डिस

ता. क. : पुढच्या महिन्यात माझ्या खुब्याची शस्त्रक्रिया आहे. ऑर्विलला सांगितलेले नाही. सांगून टिकत नाही. तू ये. कंबरेची सबब चालणार नाही. हॉटडिश भाजून आणू नकोस, चर्चच्या बायका फ्रीज भरून टाकतील.

ता. क. २ : आल्यावर घरभर आवराआवर करत फिरू नकोस. चुलीच्या डाव्या अंगाला उभी राहा. माझा निळा झगा घाल, तुला घट्ट होईल. तो तुला आर्डिस म्हणेल. समजावत बसू नकोस. ओ दे.