थरथरत्या हातांचे वाद्य भंगारात न काढण्याविषयी

प्रति,
मा. भांडार अधिकारी,
पुनर्वसन साहित्य केंद्र.

विषय : हालचालीवर वाजणारी हातयंत्रे (जोडी क्र. १७) भंगारात न काढणेबाबत.
संदर्भ : आपल्या तपासनिसांचा दि. ३ चा शेरा – ‘मुके. निर्लेखित करावे.’

महोदय,

१. माझे यजमान एकेचाळीस वर्षे बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवीत. थोरल्या बहिणीच्या लग्नात मी त्यांना प्रथम पाहिले. गाल फुगलेले, बोटे मात्र पाण्यासारखी. सहा वर्षांपूर्वी त्याच बोटांना कंप सुटला. दोन वर्षांपूर्वी आपल्या केंद्राने सदर जोडी वापरण्यास दिली. साबणाच्या वडीएवढे एकेक यंत्र हातात धरायचे. हात हलेल तसा सूर निघतो.

२. आपल्या तंत्रज्ञ बाईंनी आमच्या स्वयंपाकघरात बसून, चहा गार होईपर्यंत, ती यजमानांच्या हातांना जुळवली. मोठ्या हालचालीला ती दाद देत नाही, बारीक थरथरीलाच बोलते. बाई म्हणाल्या, “काका, आता हात आवरू नका.” चार वर्षांत असे त्यांना कोणीच सांगितले नव्हते. त्या बाई आता बदलून गेल्या.

३. वार्षिक तपासणीस जोडी मीच आणून दिली, ही माझी चूक. तपासनीस साहेबांनी ती झेंड्यासारखी हलवली, मग खुर्चीवर उभे राहूनही हलवली. मी म्हटले, “साहेब, तुमचे हात फार चांगले आहेत, म्हणून वाजत नाही.” त्यांना ती थट्टा वाटली.

४. तेव्हापासून यजमान हात काखेत दाबून घरभर येरझारा घालतात. जेवताना चमचा ताटावर टणटणला की थांबून ऐकतात. काल म्हणाले, “अगं, साहेबांना कळव, बिघडलोय तो मी.” हे लिहिणार नव्हते.

५. भंगाराची गाडी सोमवारी येते, असे शिपायांकडून समजले. त्यापूर्वी फेरतपासणी व्हावी. वापरणाऱ्याने स्वतःचे साहित्य तपासू नये आणि कंप असलेला कर्मचारी उपलब्ध नाही, असे आपण कळवले. मान्य आहे. परंतु जोडी माझ्या नावावर नाही, आणि गेल्या वर्षापासून माझाही उजवा हात थरथरतो. घरी बोललेले नाही. खालील सही पाहावी.

शनिवारी सकाळी दहाला मी हजर राहीन. यंत्र माझ्या हाती द्यावे व खिडकी उघडी ठेवावी. यजमान खालच्या बाकावर बसलेले असतील.

उत्तराची वाट पाहणारी,
आपली नम्र,
क्लॅरिनेटवाल्यांची पत्नी
(सही वाकडी असली तरी माझीच आहे.)
दि. ११, गुरुवार

सोबत : तंत्रज्ञ बाईंची जुळणीची चिठ्ठी (तिच्यावर चहाचा डाग आहे).